डाव्या बाजूचं झाकण

हामामात्सु, १४ एप्रिल

सुएओ,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच परत पाठवशील, म्हणून पत्ता योशिनोकडून लिहून घेतला आहे. तुझ्या वहिनीवर तुझा राग नाही, हे मला ठाऊक आहे. फसवलं असं वाटलं तर वाटू दे. फोडलंच आहेस तर आता वाच.

ऋतूविषयी चार ओळी लिहायची रीत आहे, ती मी गाळतो. तुझ्या ताकामात्सूत काय फुललं आणि इथे काय गळलं याने आपल्या दोघांचं काही अडलेलं नाही. कामाचं लिहितो. बाबांचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध येत्या शरदात आहे. देवळात सांगून ठेवलं आहे. तू येणार की नाही ते कळव. आलास तर भांडणार नाही. निदान देवळात तरी नाही.

दुसरं असं, की परवा मिकुमोवाल्यांचा वसंत मेळावा झाला. कारखान्याने जेमतेम तीनशे मोटरसायकली काढल्या आणि मान टाकली. त्यातल्या जेवढ्या अजून धुगधुगतात, तेवढ्या दरवर्षीप्रमाणे तेनर्यू नदीच्या काठावर रांगेत उभ्या होत्या. कोण पहिल्या ओळीत आणि कोण मागच्या, हे मीच ठरवलं. सगळे भाग कारखान्याचे असतील ती गाडी पुढे, बदली भाग असतील ती मागे. तुला ही पद्धत कधीच आवडली नाही. तू ओतलेली झाकणं लावलेल्या गाड्या मी मागे ढकलायचो आणि तू दात-ओठ खायचास. "दादा, मी काय लपवतोय का? प्रत्येक झाकणाच्या आत माझी मासोळी कोरलेली आहे," असं म्हणायचास. मासोळी असली तरी बदली ते बदलीच, हे माझं तेव्हाचंही उत्तर होतं आणि आजही आहे. एवढ्यावरून कुणी गाव सोडून मिठाईचे लाकडी साचे कोरायला जातं का? पण ते राहू दे.

या वर्षी नागुरावहिनी आल्या होत्या. तोकुजी नागुरा तुला आठवतील. कारखान्याच्या ओतशाळेत साच्यात वाळू भरायचे, उजवा कान भाजलेला होता. ते गेल्या नोव्हेंबरात गेले. शेवटच्या खेपेतली एक गाडी त्यांच्याकडे होती, पण आयुष्यात ते कधी मेळाव्याला आले नाहीत. बोलावलं की हसायचे आणि "माझी गाडी लाजाळू आहे" म्हणायचे. आता वहिनींनी ती भाच्याच्या टेम्पोतून आणली. त्यांची इच्छा एवढीच होती, की गाडी एकदा पहिल्या ओळीत उभी राहावी. जुलैत पितर घरी यायचा सण, नागुरांचा पहिला बोन आहे. मेल्यानंतर माणूस पहिल्यांदा घरी येतो, तर त्याच्या वेदीशेजारी ही गाडी उभी करायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

मी गाडी पाहिली. चांगली ठेवलेली. मग इंजिनाच्या डाव्या झाकणापाशी आलो.

"हे झाकण ह्यांनी स्वतःच्या हाताने ओतलंय, मास्तर," वहिनी म्हणाल्या. "दर नव्या वर्षाला गाडी पुसायचे आणि झाकणावर थाप मारून सांगायचे, हे माझं."

मी व्हर्नियर लावला. झाकण लहान निघालं. एकाच ठिकाणी नाही, आडवं, उभं, सगळीकडे सारख्याच प्रमाणात. तुला सांगायला नको, पण मंडळींना मी नेहमीसारखं समजावून सांगितलं: वितळलेला धातू गार होताना आकसतो, म्हणून लाकडी पॅटर्न मुद्दाम मोठा करतात. कारखान्याची पॅटर्नं कोरणाऱ्या आमच्या बाबांकडे त्यासाठी वेगळी पट्टी होती, तिच्यावरचे आकडे खऱ्या मापाहून मोठे. पण नक्कल करणारा आळशी असतो. तो तयार झाकणच वाळूत दाबतो आणि त्या खळग्यात धातू ओततो. मग नक्कल तेवढी आकसलेली निघते. आम्हा इकुमांच्या पॅटर्नवरचं झाकण कधीही लहान नसतं.

"पण हे तर म्हणायचे..." वहिनी पुन्हा म्हणाल्या.

"वहिनी," मी म्हणालो, "माणसाची आठवण हलते. धातू हलत नाही."

वाक्य छान जमलं. ओकुयामा आता मंडळाचा सचिव झालाय, त्याने तर मान डोलावून वहीत टिपून घेतलं.

मग वहिनी कमरेत वाकल्या. माझ्यासमोर, मग ओकुयामासमोर, मग रांगेतल्या प्रत्येक गाडीवाल्यासमोर वेगळ्या वाकल्या. "खोटी वस्तू घेऊन तुमच्यात आले, माफ करा. आमचे हे जरा फुशारकी मारायचे. पुरुषांचं असतंच तसं." सगळे हसले. मीही हसलो. मी उतरवलेलं झाकण तिथेच ठेवून, मेळावा संपायची वाट न बघता त्या घरी गेल्या.

तुला विचारायचं एवढंच, की ही आकसलेली झाकणं कोण विकतं याची तुला काही कल्पना आहे का? तुझं काम नाही हे मला कळतं. तुझी झाकणं मापाला चोख असतात. हे मी कुणासमोर बोललेलो नाही, इथे लिहितो.

तामोत्सु

९ मे

सुएओ,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. तीन वर्षांनी थोरल्या भावाला लिहितोस आणि त्यावर दोन प्रश्न: "भोकं लांबट होती का? झाकण फोडलंस का?" योशिनो म्हणाली, "एवढी शाई तरी का वाया घालवली भावजींनी?" मी हसलो नाही. भोकं लांबट होती, हे मी तुला लिहिलंच नव्हतं.

हो, होती. स्क्रूची भोकं गोल नव्हती, कानशीने लांबवलेली होती. झाकण लहान, म्हणून भोकं इंजिनावर जुळेनात, म्हणून कुणीतरी घासून जुळवली. मेळाव्यात मी तेही दाखवलं होतं. हे बघा, म्हणालो, कारखान्यात असलं काम कुणी करत नव्हतं. तुला हे कसं कळलं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी वेगळंच लिहिलं होतं. तो कागद फाडला. ऐक.

मेळाव्यानंतरच्या आठवड्यात मंडळातल्या प्रत्येकाच्या घरी मिठाईची पेटी पोचली. लाल घेवड्याची वडी, प्रत्येक वडी कागदात गुंडाळलेली. सोबत चिठ्ठी, "आमच्यामुळे आपल्याला त्रास झाला." ओकुयामाने फोन करून विचारलं, "मास्तर, तुमच्याकडेही आली का? मानलं बाईंना, रीतीला पक्की." मी माझ्या वाटणीच्या खाल्ल्या. योशिनोने हात लावला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मला नको. मी काही तपासलं नव्हतं."

मग एक दिवस वहिनी स्वतः माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या. सोबत भाचा, टेम्पोत गाडी. खरं झाकण बसवून मिळेल का, असं विचारलं. माझ्याकडे एका मोडलेल्या इंजिनाचं होतं, ते बसवलं. छान बसलं. त्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"आता गाडी खरी झाली ना, मास्तर?"

"झाली."

"म्हणजे बोनला वेदीशेजारी ठेवता येईल."

"अवश्य ठेवा," मी म्हणालो. "नागुरादादांना बरं वाटेल."

"नाही ठेवणार," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसा. "पन्नास वर्षं माझ्या तोंडावर एकच थाप मारली त्यांनी. तीही हसत हसत. गाडी समोर ठेवली तर मला दुसरं काही दिसायचंच नाही. ही एक थाप, तर आणखी किती असतील, असं मनात येतं. रात्रपाळीला गेलो होतो म्हणायचे, तेव्हा खरंच गेले होते का? मेलेल्या माणसाला विचारायची तरी कशी असली गोष्ट."

मी पाना पुसत राहिलो. जायला निघाल्यावर त्या दारात थांबल्या.

"जुनं झाकण परत मिळेल का? खोटं असलं तरी असू दे. हात लागलाय त्याला ह्यांचा, पुसताना तरी."

"असेल कुठेतरी," मी म्हणालो. "शोधून ठेवतो."

सुएओ, मंडळाचा नियम तुला माहीत आहे. नकली ठरलेला भाग पुन्हा कुणाच्या गळ्यात पडू नये, म्हणून मेळाव्याच्या शेवटी तो फोडायचा. हातोडा माझा असतो. मेळाव्यातून वहिनी गेल्यानंतर त्याच दुपारी मी तो चालवला होता. आणि हेही लिहून टाकतो, की त्या वेळी टाळ्या पडल्या होत्या.

आता तुझी पाळी. भोकांचं तुला कसं कळलं?

तामोत्सु

३० मे

सुएओ,

तू फोनवर बोलत होतास आणि मी नुसतं हं हं करत होतो. मी ऐकलंच नाही असं तुला वाटलं असेल. ऐकलं. बरोबर ऐकलं की नाही ते तूच बघ, म्हणून लिहून काढतो.

कारखान्याचा शेवटचा हिवाळा. पगार बंद. मॅनेजर पॅटर्नच्या खोलीत येऊन म्हणाला, नव्या वर्षानंतर बघू. बाबा शेगडीपुढे बसले होते. मॅनेजर गेल्यावर त्यांनी शेजारी पडलेलं लाकूड उचलून शेगडीत टाकलं, आणि ते डाव्या झाकणाचं पॅटर्न होतं. चुकून नाही. ओळखून टाकलं. स्वतः कोरलेलं, गुळगुळीत होईपर्यंत घासलेलं.

मग आठवड्याभरात हुकूम आला: शेवटची खेप पूर्ण करा, डावी झाकणं कमी पडतायत. नवं पॅटर्न करायला वेळ नाही, आणि जुनं कुठे गेलं हे सांगायची बाबांना सोय नाही. तेव्हा तोकुजी नागुरा म्हणाले, "काळजी करू नका, इकुमासान. तयार झाकणच वाळूत दाबतो. कोण मोजायला बसलंय?" त्यांनी ओतलं. आकसलं. भोकं जुळेनात. बाबांनी एकेक भोक स्वतःच्या कानशीने लांबवलं. नागुरा आयुष्यभर कुणाला काही बोलले नाहीत. बायकोलाही नाही. "हे माझं" एवढंच म्हणायचे, कारण तेवढंच त्यांना सांगता येण्यासारखं होतं. आणि मेळाव्याला येत नव्हते, कारण तिथे मी मोजायला बसलेला असायचो. मी मोजलं असतं, तर त्यांना बाबांचं नाव सांगावं लागलं असतं.

हे बरोबर आहे ना?

गावभर मी सांगत फिरलो, की बाबांची कानस मी डोळे मिटून ओळखतो, नुसतं बोट फिरवलं की कळतं. त्या भोकांवरून मी बोट फिरवलं होतं, सुएओ. आणि म्हणालो, कारखान्यात असलं काम कुणी करत नव्हतं.

मी तुला फोनवर एकच गोष्ट विचारली, बाबांनी हे तुला सांगितलं, मग मला का नाही. तू आधी टाळलंस. मग म्हणालास, "दादा, तू त्यांच्या मापाच्या एवढ्या बढाया मारायचास. बाबा म्हणाले, थोरल्याला सांगू नकोस, त्याला माझी लाज वाटेल." फोन ठेवल्यावर योशिनो विचारत होती, काय झालं, कोण गेलं. मी म्हटलं, कुणी नाही. मग दुकानाचं शटर ओढून घेतलं. भर दिवसा. गिऱ्हाईक आलं असेल तर परत गेलं असेल.

तू म्हणालास, जाऊन सांग. सांगेन. पण असं उठून एकदम जाता येत नाही. आधी मंडळाशी बोलायला हवं. ओकुयामाची तब्येत बरी नाही. शिवाय पाऊस लागेल आता.

तामोत्सु

१२ जून

सुएओ,

एक सुचलं आहे. पूर्ण वाचल्याशिवाय नाही म्हणू नकोस.

झाकण फुटलं हे वहिनींना माहीत नाही. मी शोधून ठेवतो म्हणालो होतो. म्हणजे शोधून सापडलं, असं व्हायला काहीच हरकत नाही. मी जाऊन सांगेन, की पुन्हा तपासलं, माझी चूक झाली, झाकण कारखान्याचंच आहे, हे घ्या. त्यांना नवरा परत मिळेल. बोनला गाडी वेदीशेजारी उभी राहील. बाबांच्या शेगडीचा विषय निघणार नाही. कुणाचंच नुकसान नाही.

त्यासाठी एक झाकण हवं. तयार झाकण वाळूत दाबून ओतलेलं, आकसलेलं. भोकं कानशीने लांबवलेली, बाबांच्या हातासारखी. हे दुसऱ्या कुणाला जमणार नाही, तुला जमेल. इतक्या वर्षांचा मळ मी इथे चढवतो, ते मला येतं. असला मळ कसा ओळखायचा हे मीच लोकांना शिकवतो. फक्त आतली मासोळी नको. या एकाच वेळी नको.

मला माहीत आहे मी काय मागतोय. तुझी खूण असलेली झाकणं मी मागच्या ओळीत उभी केली, आणि आता तुझ्याकडे बिनखुणेचं मागतोय. योशिनोला हे पत्र दाखवलेलं नाही. टपालात मी स्वतः टाकतो.

बोन तेरा जुलैला सुरू होतो. तोपर्यंत मिळालं तर बरं.

तुझा दादा

१६ जुलै

सुएओ,

तू फोनवर म्हणालास, "करतो. पण आत मासोळी असेल, दादा. ती वहिनींना दाखवून मग दे." मी फोन आपटला. तुझ्या बायकोने आवाज ऐकला असेल तर तिची माफी माग माझ्या वतीने. नंतर किती दिवस मी तुझ्यावर चडफडत होतो. तू माझ्या मरणावर टपला आहेस, असं योशिनोला सांगितलं. तिने तेव्हा ते पत्र काय होतं ते माझ्याकडून काढून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तो नाही म्हणाला, आणि तुम्हाला राग आला. तो हो म्हणाला असता तर मला आला असता." आणि बागेतले कपडे काढायला गेली.

तुकडे माझ्याकडे होते. भंगारवाला अजून आला नव्हता, म्हणून डब्यातून शोधून काढले होते. बहुतेक मिळाले. योशिनोने इस्त्री केलेल्या रुमालात बांधून दिले.

बोनच्या दुसऱ्या दिवशी गेलो. नागुरांचं घर माणसांनी भरलेलं. पहिला बोन, त्यामुळे काळे कपडे घालून सगळी गल्ली येऊन जात होती. मंडळाचे लोकही होते, ओकुयामा पुढे. अंगणात पहिल्या बोनच्या घरी येणारी ढोल-झांजांवाली मंडळी निघायच्या तयारीत होती, म्हणजे नामाचा गजर नुकताच झाला असावा. आत वेदीवर फळं, कमळाच्या आकाराचे कंदील, नागुरांचा फोटो. फोटोत कान दिसू नये अशा बेताने मान वळवलेली. शेजारी गाडी नव्हती. गाडीसाठी मोकळी ठेवलेली जागाही नव्हती, तिथे पाहुण्यांच्या भेटी रचल्या होत्या.

मी वेदीपुढच्या उशीवर बसलो. उदबत्ती लावली. मग वळलो, वहिनींकडे तोंड केलं आणि हात चटईवर टेकले. तू जाशील तर काय काय बोलशील ते ठरवून जाशील. मीही ठरवलं होतं. सगळं विसरलो.

"वहिनी, ते झाकण खरं होतं."

"हो का," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं मी सांत्वन करतोय. "असू दे, मास्तर. चहा घ्या."

"सांत्वन नाही, वहिनी. नागुरादादांनीच ओतलेलं होतं. माझ्या बापाने पॅटर्न जाळलं होतं. रागाने, शेगडीत. ते झाकायला दादांनी तयार झाकण वाळूत दाबलं. म्हणून ते लहान होतं. भोकं माझ्या बापाने घासली. दादांनी आमची अब्रू राखायला तोंड बंद ठेवलं आणि मी त्यांना खोटं पाडलं."

ओकुयामा कुजबुजला, "मास्तर, अहो, ही वेळ आहे का? नंतर बोलू."

"हीच वेळ आहे," मी म्हणालो. आवाज नको तेवढा मोठा निघाला. अंगणातली झांजांची आवराआवर थांबली. "आणि झाकण मी शोधतो म्हणालो, तेही खोटं. मी ते त्याच दिवशी फोडलं. तुम्ही गेल्यावर. लोकांसमोर. नवं करून तुमच्या गळ्यात घालायचंही मनात होतं. भावाने करून दिलं नाही, म्हणून इथे आलो. हे तुकडे."

मी रुमाल सोडून पुढे ठेवला. भाच्याने एक तुकडा उचलून पाहिला आणि परत ठेवला. मी कपाळ चटईला टेकलं, त्यामुळे पुढचं मला फक्त ऐकू आलं.

"म्हणजे त्यांनीच ओतलेलं," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"थाप नव्हती."

"नव्हती."

मला वाटलं, आता रडतील. किंवा मला घराबाहेर काढतील. त्याची मी तयारी करून गेलो होतो. खरं सांगायचं तर त्याची मला हौसही होती. लाथ बसली असती तर हलकं वाटलं असतं. चार लोकांत मला शिव्या मिळाव्यात, ओकुयामाने ऐकाव्यात, आणि मग घरी जाऊन झोप लागावी. एवढा हिशेब मी रस्त्यात केला होता.

"मास्तर, डोकं वर करा."

मी केलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. फोटोकडेही बघत नव्हत्या. रुमालाकडे बघत होत्या.

"तुम्ही मोजलंत आणि चुकलात," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातात ते यंत्र होतं. माझ्या हातात काय होतं? मी पन्नास वर्षं या माणसाच्या समोर बसून जेवले. दर नव्या वर्षाला तो मला एकच गोष्ट सांगत होता. तुम्ही एकदा नाही म्हणालात, आणि मी तुमच्या बाजूची झाले. एवढ्या लोकांत त्याला फुशारकी मारणारा म्हटलं. घरोघरी मिठाई पाठवून त्याच्या वतीने माफी मागितली. रात्रपाळीवरही संशय घेतला. मेल्यानंतर पहिल्यांदा घरी आलाय. काल त्याला आणायला दारात दिवा लावला, तेव्हा नीट हाकही मारली नाही मी."

"वहिनी, चूक माझी आहे," मी म्हणालो. "तुमची कशी?"

"तुमची तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. रागाने नाही. मग गुडघ्यांवर हात टेकून, एक पाय, मग दुसरा, असं करत माझ्याजवळ आल्या.

"जरा उठा, मास्तर. ती जागा मला द्या. मला त्यांची माफी मागायची आहे."

मी उठलो. पाय बधिर झाले होते, ओकुयामाने दंडाला धरलं. वहिनी माझ्या उशीवर बसल्या आणि फोटोपुढे इतक्या खाली वाकल्या, की मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. सगळे हळूहळू अंगणात गेले. मीही गेलो. बराच वेळ उभा होतो. त्यांनी काही अजून डोकं वर केलं नव्हतं.

तामोत्सु